डीच्या पलीकडची जागा

मंगळवार, ४ मार्च

काल चुकीचं लिहिलं. खाडाखोड नको, इथेच दुरुस्त करते. ‘सी ड्राइव्हला लागून मोकळी जागा आहे, दहा मिनिटांचं काम’ — नाही! कॉम्प्युटरच्या डिस्कवर सीला लागून डी आहे. तो बाबांचा, काठोकाठ भरलेला. मोकळा आहे तो त्याच्या पलीकडचा ई, दादाचा. दादा दुसरीकडे राहायला गेल्यापासून तिथे चार गाणी आणि एक जुना अर्ज पडून आहे. आणि सी वाढतो तो फक्त लगतच्या जागेत.

म्हणजे आधी ई पुसायचा, मग डी मागे सरकवायचा, मग सी वाढवायचा. सरकताना वीज गेली तर डी गेला. डीमध्ये बाबांनी हाताने लिहिलेले धडे आहेत, स्कॅन करून ठेवलेले. दहा वर्षांची होईपर्यंत मी घरीच, त्यांवर शिकले.

पण नोकरीच्या चाचणीचं सॉफ्टवेअर साठ जीबी मागतं. सीमध्ये नऊच मोकळे आहेत. चाचणी सतरा तारखेला.

बुधवार, ५ मार्च

मैत्रिणीला फोन करून सगळं पुन्हा विचारलं. ती कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि डिस्कच्या अशा एकेका भागाला, पार्टिशनला, वाटणी म्हणते. तिच्याशी बोलताना मीही म्हणते. आत्या शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. जेवताना एकदम गप्प. दाढ दुखत असेल.

गुरुवार, ६ मार्च

आत्या माझ्याशी बोलत नाही. मीठसुद्धा बाबांमार्फत मागते.

शुक्रवार, ७ मार्च

दादाचा फोन — ‘काय बाईसाहेब, घर लाटताय म्हणे?’

आत्याने त्याला सांगितलं होतं की मी फोनवर म्हणाले, दादाची वाटणी पुसून टाकते, बाबांना मागे सरकवते, मग सगळी जागा मला. आणि मी म्हणालेच होते! अगदी तसंच. रडकुंडीला येऊन समजावलं, तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ई पुसायला परवानगी दिली. तरी मी एकेक फाइल वाचून दाखवली. तिसऱ्याला वैतागला.

आत्याला पडद्यासमोर बसवून तिन्ही ड्राइव्ह दाखवले. नीट बघून म्हणाली, मग त्या चौकोनाला बाबा कशाला म्हणायचं? बाबांनी तोंडासमोर पेपर धरला होता. पेपर हलत होता.

शनिवार, ८ मार्च

डीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. मोजली — दोन्हीकडे ४,११२ फाइली. आज करणारच होते, पण आणखी एक नक्कल बरी. ती मोजता मोजता संध्याकाळ.

रविवार, ९ मार्च

ढग होते. वीज जाईलसं वाटलं. गेली नाही.

सोमवार, १० मार्च

तिसरी नक्कल घ्यायला बसले, तर बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. धडे गेले तर गेले म्हणाले, त्यांना ते पाठ आहेत. मग पडद्याकडेच बघत विचारलं, ‘नोकरी इथली नाही ना?’

मी मान हलवली. नाही. मग थांबू नकोस, म्हणाले.

मंगळवार, ११ मार्च

आणखी एक दुरुस्ती. मी ते या वहीतही लिहिलं नव्हतं — नोकरी बाहेरगावी आहे, रेल्वेने चौदा तास. आज आत्यालाही सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यापेक्षा घर मागितलं असतंस तर बरं झालं असतं गं.’

उद्या, बुधवारी, १२ मार्चला, सकाळी दहा वाजता डी सरकवते.