पडताळणीचा फोन

३ फेब्रुवारी, सोमवार
कोपरीच्या केंद्राची तपासणी केली. घरातली, गल्लीतली मारामारी वाढायच्या आत थांबवायची, म्हणून सरकारी निधीवर चालणारं केंद्र. चालवतात कलावतीबाई. कुठे आरडाओरडा झाला की जाऊन दारात उभ्या राहतात. बस, उभ्या राहतात! सहा वर्षं झाली.

वहीत मात्र एकही नाव नाही. ‘निळं दार.’ ‘दोन मुलींची आई.’ ‘नळासमोरची.’ मी म्हटलं, ही काय नोंद झाली?

“नाव लिहिलं की फुटतं, मॅडम. मग बायका येत नाहीत.”

गेल्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रानं चाळीस खोट्या बायका दाखवल्या आणि बोलणी मी खाल्ली. त्यामुळे ऐकलं नाही. नाव, पत्ता, मोबाइल, सही — पंधरा दिवसांत द्या, नाहीतर निधी थांबेल. डोंबिवलीला घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते.

१७ फेब्रुवारी
फॉर्म आले. एकतीस. कलावतीबाई स्वतः घेऊन आलेल्या. गठ्ठा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढेनात. “फोन करायचा झाला तर आधी मला सांगा.” हो हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी
पडताळणीचे फोन. दहा फॉर्म काढले, मीच केले. कलावतीबाईंना कळवायचं राहिलं — राहिलं कसलं, कळवलंच नाही. बायकांना आधीच पढवून ठेवतील असं वाटलं.

सातवा फोन पुरुषानं उचलला. शेवंतीबाई आहेत का? “मी तिचा मिस्टर, सांगा ना.” किती नीट बोलला! कोपरीच्या केंद्रातून मदत मिळाली का, एवढंच विचारायचं होतं, म्हटलं. “मिळाली की. कधी गेलेली ती?” मी फॉर्म बघून तारीख सांगितली. वर बरोबरची खूणही केली.

२५ फेब्रुवारी
कलावतीबाईंचे चार मिस्ड कॉल. मीटिंगमध्ये होते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
शेवंती हॉस्पिटलमध्ये. उजवा हात मोडलाय, चेहरा सुजून एक डोळा मिटलाय. जेमतेम तीस वर्षांची असेल. नवऱ्याला पोलिसांनी नेलंय. कलावतीबाई चमच्यानं पेज भरवत होत्या. मला वाटलं, आता सगळ्या वॉर्डासमोर ओरडतील. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अहो, तारीख कशाला सांगितलीत?”

मी मोसंबी नेलेली. तोंड धड उघडत नाही त्या बाईला मोसंबी! पिशवी तशीच परत आणली.

५ मार्च
रिपोर्ट द्यायचा होता. मी खरं लिहिलं — पतीला माहिती माझ्याकडून गेली. साहेबांनी ती ओळ खोडली. “मॅडम, तुमचीच चौकशी लागेल. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली ना?” मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: केंद्राने लाभार्थी महिलेऐवजी पतीचा नंबर दिल्याने गोपनीयतेचा भंग झाला. निधी स्थगित.

खोटं तर नाही ना? नंबर होताच त्याचा. असं मनाशी दहा वेळा म्हटलं. सही केली.

१२ मार्च
जेवण जात नाही.

१९ मार्च
कोपरीला गेले. केंद्राला कुलूप. समोरची बाई म्हणाली, कलावतीबाई आता पोळ्या लाटायला जातात. “काल मागच्या गल्लीत भांडण झालं. पोरीचं डोकं फुटलं. कोणी गेलं नाही.” ती माझं ओळखपत्र बघत होती. मी ते पर्समध्ये टाकलं.

२१ मार्च
शेवंतीला भेटले, वर्तकनगरला तिच्या बहिणीकडे. हात अजून प्लास्टरमध्ये. माफी मागितली. ती म्हणाली —

“बाईंचं केंद्र उगाच बंद केलंत. त्यांनी माझाच नंबर लिहिलेला. मी खोडून त्याचा लिहिला. सरकारातून फोन आला की तो घाबरेल, असं वाटलेलं.”