ढोलकचा पाना

प्रिय अपेक्षा,

जय भीम. ही चिठ्ठी फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो. तीन वर्षांमागं दिग्रसच्या भीमजयंतीत, दोन गाणाऱ्या पार्ट्याईच्या मुकाबल्यात, भर स्टेजवर, ढोलक आवळायच्या लोखंडी पान्यानं मी तुह्या उजव्या हातावर मारलं. एकदा नाई, तीनदा. पहिल्या घावात मोबाईल फुटला, दुसऱ्यात तुही बोटं, अन तिसरा कायले मारला ते मले अजून सांगता येत नाई. ढोलकच्या पुडीवर रक्त सांडलं. समोरची पार्टी तोंड उघडं टाकून पाहून राह्यली होती, अन मी माइकवर सांगत होतो का मोबाईलनं माही पोट्टी वाया गेली.

आपल्या पार्टीचा कायदा तुले मीच शिकवला होता. ढोलकवाल्यानं उस्तादाच्या हातावरून नजर हटवायची नाई. उस्ताद मी, झांज माह्या हातात, लय मी देणार. सात वर्षांची होती तवा तुही नजर हटली का मी कानाखाली वाजवायचो, अन तू रडत रडत ठेका धरायची. लोक म्हणायचे नागोरावची पोट्टी बापापेक्षा सवाई, अन मी फुगायचो. मग तू कॉलेजात गेली, मोबाईल आला. रियाजाले बसली का गुडघ्याजवळ मोबाईल. माह्या डोक्यात तिडीक जायची. एकदा तं चुलीतच टाकला होता, तुह्या आईनं चिमट्यानं ओढून काढला.

मुकाबल्यात ठेका तुटला का पार्टी हरली. त्या दिवशी आपल्या पार्टीचा गायक उकंडाकाका अंतरा गाऊन राह्यला होता, अन तुही थाप माह्या झांजेशी जुळत नव्हती. लोक हसायले लागले. पाह्यलं तं तुही नजर खाली, मोबाईलवर काहीतरी लुकलुकत होतं. पाना माह्या खिशातच होता.

आता ऐक. गेल्या महिन्यात कान तपासायच्या शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं का जिनिंगच्या मशीनीजवळ तीस वर्षं काढून माहे कान केव्हाचेच अर्धे गेले. ऐकू यायचं यंत्र लावून घरी आलो, तं तुह्या आईनं तिचा मोबाईल समोर ठेवला. त्या मुकाबल्याचा व्हिडिओ. तीन वर्षं जपला होता तिनं. मी ऐकला. पळत होती ती माही झांज. उकंडा माह्यामागं फरफटत होता, अन तू एकटी ठेका धरून आम्हा दोघाईले ओढून आणत होती. लुकलुकत होता तो तुह्या मोबाईलमधला, ठेक्याच्या मात्रा मोजून दाखवणारा दिवा होता. बापाले ऐकू येत नाई हे तुले कळलं होतं, अन चार लोकाईत माही इज्जत जाऊ नये म्हणून तू त्या दिव्यावर लय सांभाळत होती. काहून बोलली नाई बाई? बोलली असती तरी मी मारलंच असतं, हेही खरं. मी भिंतीवर हात आपटले, सालपटं निघाली. तुह्या आईनं अडवलं नाई.

मोबाईलनं कला बुडते का तरते, मले इचारू नको. तू नागपुरात ढोलक उलटी धरून डाव्या हातानं वाजवते, अन ते मोबाईलवर पाहूनच शिकली, असं तुही आई सांगते. दिवसभर त्यात तोंड खुपसून बसणारे रिकामटेकडेही मी रोज पाहतो. पण पाना मोबाईलच्या हातात नव्हता.

अन त्या पान्याची फुशारकी मी आर्णी-पुसदपर्यंत मारत फिरलो. लोक माना डोलवायचे. उकंडानं ते मनावर घेतलं. त्याची वैष्णवी आता अठराची झाली, मोबाईलवर ऐकून ऐकून बेंजोवर असा हात बसवला पोट्टीनं का मी गप बसून ऐकत होतो. परवा उकंडानं तिले केस धरून अंगणात ओढलं. बेंजो दगडावर फोडला. तिचा हात उंबरठ्यावर दाबून वरवंटा उचलला, अन म्हणे नागोरावनं केलं तेच बरोबर. मी मधात पडलो. वरवंटा माह्या डाव्या खांद्यावर बसला, हाड मोडलं. मी चुकलो होतो असं त्याले सांगितलं, तं म्हणे बुढ्याले यंत्र लागलं अन अक्कल गेली. तो पुन्हा उचलणार. मी त्याले ओळखतो, मले ओळखतो तसा.

म्हणून टपालाची वाट पाह्यली नाई. तुह्या दारात ही चिठ्ठी घेऊन उभी आहे ती वैष्णवीच. तिच्या आईनं, रुपालीनं, तिले सकाळच्या एस्टीत बसवून देलं. तिच्या पाठीवर वळ आहेत, पण दहाही बोटं साबूत आहेत. तिले घरात घे. मले माफ नको करू, ते मी मागत नाई. पण तिले परत नको धाडू. उकंडा माग काढत आला तं दार उघडू नको, मले फोन कर, मी निघतो. अन मी आलो तं मलेही दार उघडू नको. मी बाहेर पायरीवर बसतो.

तुहाच बाप,
नागोराव