इमानाचे तीन तास

कळंब, मंगळवार, दिवेलागण

सकाळी थोरला दुबईवरनं फोनवर आईला म्हणला, "लांब कुठं हाय गं? पुण्याला इमानानं तीन तास." झालं! आजारी बाई, भिंतीला धरून मासवड्या थापाय लागली. म्हणलं, "अगं, त्यानं अंतर सांगितलं. येतो असं न्हाई म्हणला."

"तुमी गप ऱ्हावा. एष्टीला नाशकाला जायाला याच्यापेक्षा जास्त लागतंय."

तीन तास म्हणं! मग इतकी वर्सं का न्हाई आला?

आता ओट्यावर बसलीय, जेवत न्हाई. मी गुपचूप त्याला फोन लावला. "आबा, सुट्टी न्हाई वो." तिनं इचारलं, "निघाला का?" माझ्या तोंडातनं गेलं, "इमान लेट हाय." कशाला बोललो?

ती म्हणली, "मंग जागती मी."