जेऊरच्या पुढची मोरी

१५ जानेवारी, गुरुवार

पहाटे निघालो. साबेरा गाडी चालवत होती आणि कुरकुरत होती — "साठी उलटली तरी इंजिनांच्या मागं पळतीस की!" कॉलेजपासून असंच बोलते, आणि कॉलेजपासून सोबत येतेच.

जेऊरच्या पुढे, रुळांखालच्या मोरीपाशी, मालगाडी मिळाली. कोवळं ऊन, पिवळं गवत, वळणावर वाकलेले डबे. तिथूनच फोटो आमच्या रेल्वे-फोटोंच्या गटावर टाकला. ठिकाण लिहायच्या आत रेंज गेली.

घरी येऊन मोठा करून पाहिला. मोरीच्या तोंडाशी दोन कान. लांडगीण! पोटाशी पिल्लं. समोर होती, आणि मी इंजिन बघत होते!

गटावर गुरप्पाने आधीच ओळखलेलं — "मावशी, मोरीत लांडगा! कुठं ते सांगा, रविवारी सगळेच जाऊ."

१६ जानेवारी

पुन्हा गेलो. गाडीतून उतरलो नाही, लांबूनच पाहिलं. त्यांच्या डोक्यावरून अख्खी मालगाडी गेली. जमीन हादरली, साबेराचा चहा सांडला. पिल्लं दूध पीत राहिली. आईने तेवढी मान उचलली — गाडीकडे नाही, आमच्याकडे.

कॅमेरा मांडीवरच राहिला. असं कधी झालं नव्हतं.

१७ जानेवारी

गटाचा नियम — गाडी, वेळ, ठिकाण, तिन्ही खरं. नियम माझाच. मागे चुकीच्या ठिकाणावरून एकाला मीच बाहेर काढायला लावलं होतं.

पण गेल्या हिवाळ्यात कुणीतरी घुबडाच्या घरट्याची जागा सांगितली. गाड्यांची रांग लागली. आई परत आलीच नाही, पिल्लं मेली.

फोटो काढून टाकावा, तर गुरप्पाने तो चारचौघांना पाठवलाय. गप्प बसले तर वळण शोधत फिरतील, आज ना उद्या पोचतील.

साबेरा म्हणाली, "मग खोटं सांग की. पण तुला कुठलं जमायला!"

संध्याकाळी लिहिलं. ठिकाण — होटगी. म्हणजे सोलापूरच्या पार उलट्या बाजूला.

भीती एकच — अतीक. गटाचा प्रमुख. बोलायला मऊ, पण रुळांच्या बाबतीत कुणाला सोडत नाही. नुसत्या खांबावरून जागा सांगतो. त्याने पकडलं तर माझं नाव जाईलच, ते जाऊ दे. पिल्लंही जातील.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी सगळ्यांना अतीकचा निरोप — "होटगीच. ती मोरी मी लहानपणापासून ओळखतो."

अतीकचं लहानपण जेऊरला गेलं.