सावलीतलं काम

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्यावर रुसून बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आलीय.

मी सीएच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे ऑफिसातल्या उमेदवारीच्या, दुसऱ्या वर्षात होते. सप्टेंबर, टॅक्स ऑडिटचा महिना. रविवारचीही सुट्टी नव्हती. त्या रविवारी सकाळी बजाजनगरच्या थांब्यावर मी तीन बस सोडल्या. बस यायची, थांबायची, आणि माझा पायच उचलायचा नाही. चौथी यायच्या आत मी घरी परतले. तुम्ही स्वयंपाकघरात आईला शेंगा सोलून देत होता. मी म्हणाले, "अण्णा, मला नाही जमणार. आकडे नुसते दिसतात, वाचता येत नाहीत." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सावलीत बसून कुणी दमतं व्हय? तुझ्या आजोबानं भर उन्हात रस्त्यावर खडी फोडली." मग हात धुतलेत, स्कूटर काढलीत आणि मला ऑफिसच्या दारात सोडून आलात. पुढे मी सीए झाले. तुम्हाला कॉलनीत पेढे वाटताना बघून वाटलं, तुमचंच बरोबर होतं.

गेल्या सप्टेंबरात माझ्याच ऑफिसातली एक शिकाऊ मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. खुलताबादजवळच्या वाडीवरून रोज बसनं येते. वडील मेंढ्या राखतात. "मॅडम, दोन दिवस सुट्टी द्या. डोकंच चालंना." आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं, जसंच्या तसं. खडीच्या जागी फक्त तिच्या बापाच्या मेंढ्या. तिनं हातातली फाइल टेबलावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

फोनही लागेना. आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, "आल्यापून नुसती झोपतीय. उठवू नका बाई." मी अंगणात बसून राहिले. मुलगी उठून बाहेर आली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्हाला असं कधी झालं नाय का?"

मी म्हणाले, "नाही."

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या अण्णाचं बी असंच झालं होतं. लग्नाला वरीस नव्हतं झालं. कंपनीत हिशेबाला लागले होते, मार्चचा महिना. रोज डबा घेऊन निघायचे अन् वेरूळला जाऊन बसायचे. चार दिवस. कंपनीतनं माणूस आला तवा कळलं."

"मग आजोबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? सावलीत बसून कुणी दमतं व्हय? आपल्यातला खुर्चीवर बसणारा तू पहिला. अन् गेटपर्यंत सोडून आले."

आजोबांचं मी समजू शकते, अण्णा. त्यांना उन्हातलाच थकवा ठाऊक होता. तुम्हाला तर दुसराही ठाऊक होता. "मलाही झालं होतं," एवढं म्हणाला असतात, तरी मी ऑफिसला गेलेच असते. वाटेत स्कूटरवर तुमच्या पाठीला डोकं टेकवून रडले असते, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या वाडीवर गेले आणि तिला खरं सांगितलं. दिवाळीनंतर ती कामावर परत आली. आता काम उरलं तरी सहाला निघते. मीच तसं सांगितलंय.

हे लिहिलेलं मी आईला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला दोष देतेय, असं तिला वाटेल. आणि खरं सांगू? ती मुलगी पर्स उचलून निघाली, की मला अजूनही राग येतो. त्यातला बराचसा हेवा असतो.