घासलेली बरणी

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

मी इथं लेकाकडे सुखरूप आहे, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढू नकोस.

सूनबाई देवाघरी जाऊन दीड महिना झाला. लेक कामावर जातो, येतो, वाढलेलं मुकाट्यानं खातो. मी डाळ-भात, पालेभाजी सगळं मऊ करते, पण नात चार घास खाऊन उठते. तिला आईच्या हातचा सबंध गव्हाचा पाव हवा असतो.

आता माझी अक्कल ऐक. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रिज आवरताना आंबूस वासाची बरणी दिसली. नासलं म्हणून मी ते सिंकमध्ये ओतलं आणि बरणी लख्ख घासून पालथी घातली. ते सूनबाईचं पावाचं आंबवण होतं, विरजणासारखं राखलेलं. दर आठवड्याला मूठभर कणीक घालून तिनं ते सात वर्षं जगवलं होतं. लेकानं घासलेली बरणी बघितली, तेव्हा त्यानं मला हे सांगितलं. पोरीला मात्र म्हणाला, "आपोआप खराब झालं गं."

मी कणीक-पाणी कालवून नवं आंबवण धरलं. आज पाव भाजला. भिंतीत बसवावा असा झाला.

नातीनं तुकडा चावला. "आजी, हा आईचा नाही."

माझ्यानं राहवेना. म्हटलं, "नाही बाळा. तिचं आंबवण खराब झालं नव्हतं. मीच ते फेकलं."

तिनं तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "तू आधी विचारलं का नाहीस?"

धाकटे, मी ती घासलेली बरणी तिच्यापुढे ठेवली आणि आता हिचं काय करायचं ते तिलाच विचारलं.

जपून राहा.

तुझी,
ताई