हेडरमधली एक ओळ

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आईची दाढ काढली. पातळच खावं लागतंय, पण तोंडाचा पट्टा चालू आहे. मी बरी आहे. म्हणजे दमले आहे. हल्ली सकाळी उठतानाच दमलेली असते.

काल तुला नोकरीवर घेऊ पाहणाऱ्या कंपनीतून आमच्या साहेबांना फोन आला, तू कसा आहेस विचारायला. साहेब म्हणाले, "हुशार आहे हो, पण ढिसाळ. नऊ हजार ओळी एकाच फाइलमध्ये कोंबायचा. शीतगृहाचा घोळ त्यातूनच झाला." मी समोरच चहा ढवळत बसले होते. साखर केव्हाच विरघळली होती.

तर ऐक. तू रजेवर असताना तुझा तो शीतगृहाचा प्रोग्राम तोडून मी सात फाइली केल्या. बटणांची वेगळी, पडद्याची वेगळी, भोंग्याची वेगळी. कौतुक करशील म्हणून. तापमानाची मर्यादा सगळ्यांनाच लागते, म्हणून ती सगळ्या फाइली वाचतात त्या हेडरमध्ये लिहिली. सातही फाइली एकत्र जोडणारा लिंकर कुरकुरला, हे एकच नाव सात ठिकाणी कसं? मी वैतागून त्या नावाआधी 'स्टॅटिक' लिहिलं. तो गप्प झाला आणि मी खूश.

गप्प का झाला, ते लसींचा साठा वाया गेल्यावर चार दिवसांनी कळलं. 'स्टॅटिक'मुळे प्रत्येक फाइलने मर्यादेची आपापली वेगळी प्रत करून घेतली होती. गोदामवाल्यांनी बटणं दाबून आठ अंश ठेवले, ते बटणांच्या फाइलपुरतेच. भोंग्याची फाइल मी चाचणीसाठी ठेवलेल्या बारावरच बसून राहिली. सुट्टीचे दोन दिवस आत अकरा अंश, आणि भोंगा वाजला नाही. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या.

मग मी हेडरमध्ये नुसतं 'एक्स्टर्न', म्हणजे 'मर्यादा दुसरीकडे आहे' एवढंच, ठेवलं, खरी मर्यादा एकाच फाइलमध्ये लिहिली आणि बदलाच्या नोंदीत टाकलं, 'किरकोळ साफसफाई'. तोवर सगळे तुझ्या नावाने खडे फोडत होते. मी तोंड उघडलं नाही. भ्याले रे. नोकरीला दोनच महिने झाले होते, आणि ती लावून दिली होतीस तूच.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "काही पुरावा?" जुनी छापील पानं शोधायला तुझ्या जुन्या, अजून तसाच पडून असलेल्या टेबलाचा खण उघडला. त्यात माझ्या हेडरचं पान होतं. 'स्टॅटिक'च्या ओळीभोवती लाल गोल, खाली तुझ्या अक्षरात तारीख. तू राजीनामा दिलास, त्याच्या आदल्या दिवसाची.

तुला माहीत होतं.

दोन वर्षं मी तुझे फोन टाळले, आणि तू आईकडे माझी चौकशी करत राहिलास. मला खूप लाज वाटते, आणि खरं सांगू, तुझा रागही येतो. विचारायचं तरी होतंस.

ते पान साहेबांना दिलं. ते आजच त्या कंपनीला फोन करतील. माझं काय करायचं ते उद्या ठरवणार आहेत. ठरवू देत.

रविवारी घरी ये. आधी माझ्यावर ओरड, मग जेवायला बस.

तू पाठीशी घातलेली,
धाकटी